परिषदेला निघताय? वाय-फाय, लॉगिन आणि हॉलमधल्या संगणकाची तयारी

परिषदेच्या माहितीपत्रकात 'मोफत वाय-फाय उपलब्ध' अशी एक ओळ असते. तिच्यावर विसंबून निघालेल्या पाहुण्याचा पहिला दिवस पासवर्ड मिळवण्यात जातो, दुसऱ्या दिवशी पासवर्ड चालतो पण नेट चालत नाही, आणि तिसऱ्या दिवशी समारोप असतो. यजमानांना दोष देऊन उपयोग नाही. बऱ्याच अडचणींचं मूळ आपल्याच संस्थेत किंवा आपल्याच लॅपटॉपमध्ये असतं, आणि परगावी पोचल्यावर ते दुरुस्त करता येत नाही. पहिल्यांदाच पेपर वाचायला निघालेल्या संशोधक विद्यार्थ्यांना आणि नव्या प्राध्यापकांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

१. आठवडाभर आधी: कुणाला काय विचारायचं

समन्वयक प्राध्यापकांना विचारलंत तर 'सगळी सोय आहे, काळजी करू नका' हे उत्तर ठरलेलं असतं. त्यांना खरोखर तसं वाटतही असतं. म्हणून त्यांच्याकडून संगणक विभागातल्या सिस्टीम ॲडमिनचा किंवा लॅब असिस्टंटचा नंबर घ्या आणि थेट विचारा: कॅम्पसवर 'एड्यूरोम' (विद्यापीठांची आपसातली सामायिक वाय-फाय व्यवस्था) आहे का? नसेल तर पाहुण्यांचं लॉगिन कसं मिळतं, ओटीपीने, छापील चिठ्ठीवर की लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस (जाळ्याला यंत्र ओळखता यावं म्हणून असलेला क्रमांक) नोंदवून? पेपर हॉलच्या संगणकावरूनच वाचायचा की स्वतःचा लॅपटॉप जोडता येतो? प्रोजेक्टरची वायर व्हीजीए आहे की एचडीएमआय?

मॅक ॲड्रेस मागितला तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' लिहून जागा सोडून पुढे तिरकी रेघ आणि 'ऑल' द्या. 'फिजिकल ॲड्रेस' असे दोन-तीन आकडे दिसतील. त्यातला वायरलेस ॲडॉप्टरच्या खालचा पाठवा. इथरनेटचा पाठवणारे बरेच असतात आणि मग 'नोंदणी करूनही चालत नाही' अशी तक्रार करतात.

२. सोबत काय ठेवायचं

कागदपत्रं:
- संस्थेचं ओळखपत्र आणि पेपर स्वीकारल्याच्या पत्राची छापील प्रत
- आधारची 'मास्क्ड' प्रत, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात
- परदेशी नागरिक असाल तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती
- जीमेलचे बॅकअप कोड, कागदावर (कशासाठी ते पुढे येईल)

वस्तू:
- चार्जर आणि छोटा एक्स्टेन्शन बोर्ड; सेमिनार हॉलमध्ये प्लग भिंतीला असतात आणि खुर्च्या मधोमध
- एचडीएमआय ते व्हीजीए ॲडॉप्टर. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर त्याचाही
- दोन पेनड्राइव्ह, त्यांत पेपरच्या फायलींखेरीज काहीही नाही
- मोबाइलची डेटा चालणारी यूएसबी केबल

वाय-फायसाठी ओळखपत्र मागितलं तर वैतागू नका. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. उद्या कुणी त्या जाळ्यावरून उपद्व्याप केला तर तो कुणाच्या लॉगिनवरून झाला हे संस्थेला सांगता आलं पाहिजे. म्हणूनच शेजारच्या पाहुण्याला आपलं लॉगिन 'जरा दोन मिनिटं' देऊ नये.

३. एड्यूरोम: आपल्या गावी लावा, तिथे नुसतं जोडा

एड्यूरोम ही विद्यापीठांची आपसातली वाय-फाय व्यवस्था आहे. युरोपात २००२ च्या सुमारास तिची सुरुवात झाली, आज ती शंभराहून अधिक देशांत आहे आणि भारतात तिचं काम अर्नेट इंडिया ही शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं चालवणारी सरकारी संस्था पाहते. तुमची संस्था तिच्यात असेल तर तुमच्या संस्थेचं नाव-पासवर्ड मुंबईच्या आयआयटीत चालतं तसं जर्मनीतल्या विद्यापीठातही चालतं. यजमानांकडे काही मागावं लागत नाही.

ती चालते कशी हे एकदा समजून घ्या, म्हणजे बिघाड कुठे शोधायचा ते कळेल. तुम्ही यजमान कॅम्पसवर जोडता तेव्हा तिथला सर्व्हर तुमचा पासवर्ड तपासत नाही. तुमच्या नावातला '@' च्या पुढचा भाग पाहून तो विनंती तुमच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरकडे पाठवतो. होकार किंवा नकार तिथून येतो. म्हणजे बर्लिनमध्ये लॉगिन नाकारलं गेलं तर बर्लिनचा तंत्रज्ञ काही करू शकत नाही. फोन आपल्याच संगणक केंद्राला करावा लागतो, आणि तिथे दुपार सरत असताना इथलं कार्यालय बंद झालेलं असतं. संगणक केंद्राचा ईमेल आणि नंबर म्हणूनच कागदावर लिहून ठेवायचा.

हमखास होणारी चूक अशी: आपल्या कॅम्पसवर नुसतं 'युजरनेम' टाकून एड्यूरोम चालतं, कारण तिथला सर्व्हर ते आपलंच धरून चालतो. बाहेर गेल्यावर '@' च्या पुढचा पत्ताच नसल्याने विनंती कुठे पाठवायची ते यजमानाला कळत नाही. म्हणून घरच्या कॅम्पसवरसुद्धा पूर्ण नाव टाका, '@' आणि संस्थेच्या डोमेनसह. मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर मोठं करतो किंवा शेवटी एक मोकळी जागा सोडतो, तेही बघा.

सेटिंग हाताने भरण्यापेक्षा 'गेटएड्यूरोम' हे ॲप वापरा. यादीतून आपली संस्था निवडली की ते प्रमाणपत्रासकट ('सर्टिफिकेट', म्हणजे सर्व्हर खरा असल्याची डिजिटल खूण) सगळं बसवतं. संस्था यादीत नसेल तर संगणक केंद्राकडून प्रमाणपत्राची फाइल आणि सर्व्हरचं नाव मागून घ्या. 'सर्टिफिकेट तपासू नका' हा पर्याय निवडून काम उरकायचा मोह होतो; नव्या अँड्रॉइड फोनांत तो पर्यायच बऱ्याचदा दिसत नाही, आणि जिथे दिसतो तिथेही निवडू नये. कुणीही 'एड्यूरोम' नावाचं खोटं वाय-फाय उभं करू शकतो, आणि सर्टिफिकेट न तपासणारा फोन त्याच्या हाती तुमचा पासवर्ड उलगडण्याइतका मालमसाला देऊन मोकळा होतो. आणखी एक खूण लक्षात ठेवा: खरं एड्यूरोम ब्राउझरमध्ये पान उघडून पासवर्ड कधीच विचारत नाही. तसं पान आलं तर लगेच तोडा.

संस्थेचा पासवर्ड अलीकडे बदलला असेल तर फोन, लॅपटॉप आणि टॅब तिन्हींवर बदला. जुना पासवर्ड धरून बसलेला फोन खिशात राहून सारखा प्रयत्न करत राहतो, आणि काही संस्थांत त्यामुळे खातंच कुलूपबंद होतं. निघण्याच्या आदल्या दिवशी नाही, निदान तीन-चार दिवस आधी हे सगळं करून पाहा. शेजारच्या एखाद्या संस्थेत एड्यूरोम असेल तर तिथे जाऊन जोडून बघणं हीच खरी परीक्षा.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच संलग्न महाविद्यालयांत एड्यूरोम नाही. तुमचं त्यातलं असेल तर पुढचा टप्पा तुमच्यासाठी.

४. ओटीपी किंवा चिठ्ठीवालं पाहुण्यांचं लॉगिन

इथे वाय-फाय आधी जोडलं जातं आणि मग एक पान उघडून नाव, मोबाइल नंबर, ओटीपी मागितला जातो. पान उघडलं नाही की लोक पासवर्ड चुकला समजतात. खरी कारणं वेगळी असतात.

हे पान साध्या, कुलूप नसलेल्या (म्हणजे 'एचटीटीपीएस' न वापरणाऱ्या) संकेतस्थळाची विनंती अडवून दाखवलं जातं. तुम्ही जीमेल किंवा बँकेचं पान उघडायला गेलात तर त्या सुरक्षित जोडणीत मध्ये शिरता येत नाही, आणि ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. पत्त्याच्या पट्टीत 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाका. ते स्थळ मुद्दाम कुलपाशिवाय ठेवलेलं आहे, तिथून लॉगिनचं पान समोर येतं. तरीही आलं नाही तर व्हीपीएन बंद करा, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ला जाहिराती रोखणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव दिलं असेल तर ते 'ऑटोमॅटिक' करा. लॉगिन झाल्यावर दोन्ही पुन्हा चालू करता येतात.

दर तासाला पुन्हा लॉगिन मागितलं जात असेल तर संस्थेनेच तशी मुदत ठेवलेली असू शकते. सकाळी नोंदवलेला फोन दुपारी अनोळखी ठरत असेल तर मात्र मॅक ॲड्रेसवर संशय घ्या. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्याऐवजी बनावट मॅक ॲड्रेस दाखवतात. त्या एका वाय-फायपुरतं आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' बंद करा, अँड्रॉइडमध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडा.

एका लॉगिनवर किती यंत्रं चालतात तेही विचारून घ्या. दोनच चालत असतील आणि तुमच्या हाताला स्मार्टवॉच, बॅगेत टॅब असेल तर लॅपटॉपसाठी जागा उरत नाही.

काही जुन्या कॅम्पसवर अजून 'प्रॉक्सी' (ज्याच्यामार्फत नेट चालतं त्या मधल्या सर्व्हरचा पत्ता) हाताने भरावी लागते. भरा, पण भरलेले आकडे कुठेतरी टिपून ठेवा.

५. 'कनेक्टेड' दिसतंय, पण नेट नाही

आयपी ॲड्रेस, म्हणजे जाळ्यावरचा तुमच्या यंत्राचा पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुम्हाला पत्ता मिळालेलाच नाही. लॅपटॉपने स्वतःच काहीतरी लावून घेतलं आहे. छोट्या संस्थेच्या जाळ्यात साधारण २५४ पत्ते असतात. दीडशे प्रतिनिधी आले, प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, की तीनशे पत्ते लागतात. उद्घाटनाला नेट चालतं आणि पहिल्या चहानंतर बंद पडतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पाहुणा म्हणून तुम्ही एवढंच करू शकता: फोनचं वाय-फाय बंद ठेवा, लॅपटॉप तोडून पुन्हा जोडा आणि तंत्रज्ञाला नेमक्या शब्दांत सांगा, 'डीएचसीपीचे पत्ते संपलेत, लीज टाइम कमी करता येईल का?' (डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारी व्यवस्था, लीज टाइम म्हणजे एक पत्ता एका यंत्राकडे राहण्याची मुदत.) 'नेट स्लो आहे' एवढ्यावर कुणी जागचं हलत नाही. या वाक्यावर हलतं.

एकट्या तुमच्याच लॅपटॉपवर हे होत असेल तर आयपी हाताने भरलेला आहे का पाहा. घरच्या किंवा विभागाच्या जाळ्यासाठी कुणीतरी कधीतरी भरून दिलेला असतो आणि तसाच राहतो. 'ऑटोमॅटिक' करा. तारीख-वेळ चुकलेली असेल तरीही सगळी सुरक्षित पानं उघडायला नकार देतात.

पत्ता बरोबर आहे पण वेग नाही, असं असेल तर वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आणि हॉलमध्ये प्रत्येक तिसऱ्या माणसाचा हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात ओरडत असतो.

६. स्वतःचं मोबाइल नेट

पर्याय म्हणून ते ठेवाच, पण हॉलमध्ये हॉटस्पॉट लावण्याऐवजी फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' करा. हवेतल्या गर्दीचा प्रश्न मिटतो आणि फोन चार्जही होतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करा, नाहीतर अपडेट आणि वनड्राइव्ह मिळून दिवसाचा डेटा सत्र सुरू होण्याआधीच संपवतील. झूमच्या ७२० पिक्सेल व्हिडिओला जाताना-येताना मिळून सुमारे २.४ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला १ जीबीहून थोडं जास्त. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ऑनलाइन सत्राचं अध्यक्षपद स्वीकारू नका.

तळघरातल्या सभागृहांत रेंज नसते, हे गृहीत धरा. परिषद जम्मू-काश्मीरमध्ये असेल तर बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे रोमिंगवर चालत नाही. पोस्टपेड सोबत हवं.

७. हॉलचा संगणक आणि मराठी अक्षरं

मराठीतून पेपर वाचणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. तो फॉन्ट हॉलच्या संगणकावर नसेल तर पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. सत्राध्यक्ष घड्याळाकडे पाहत असताना फॉन्ट शोधून बसवायला वेळ नसतो, आणि बऱ्याच संगणकांवर तसा अधिकारही दिलेला नसतो.

उपाय तीन, या क्रमाने. मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत) आणा. पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' आणि त्याखालचा सगळी अक्षरं घेण्याचा पर्याय निवडा. आणि काहीही झालं तरी सोबत पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं, पण जोडाक्षरं फुटत नाहीत. अक्षरशः एकेक स्लाइड दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत त्याच्या जागी चौकोन दिसतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' वर नजर टाका, 'सूर्याला' आणि 'दुसऱ्याला' शेजारी ठेवलेत की फॉन्ट धड आहे की नाही ते लगेच कळतं.

तिथेच काही टाइप करायची वेळ आली तर विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबून मराठी कीबोर्ड आहे का बघा. नसेल तर सेटिंगमधून मराठी भाषा जोडता येते. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये इन्स्क्रिप्टसोबत (देवनागरीची प्रमाण कळरचना) फोनेटिकही (रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) मिळतो. इन्स्क्रिप्ट न येणाऱ्यांनी तो निवडावा. तेवढाही अधिकार नसेल तर सरळ आपल्या फोनवर टाइप करून मजकूर पाठवा.

फायलीचं नाव मात्र रोमन अक्षरांत, सत्र क्रमांक आणि आडनाव असं ठेवा. त्या डेस्कटॉपवर 'फायनल पीपीटी' नावाच्या आधीच सात फायली असतात.

एक सापळा फार कमी जणांना माहीत असतो. प्रयोगशाळांतल्या संगणकांवर 'डीप फ्रीझ'सारखं सॉफ्टवेअर असतं. संगणक पुन्हा सुरू केला की तो मूळ अवस्थेत जातो. आदल्या संध्याकाळी डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल सकाळी गायब. कुणी पुसलेली नसते. सत्राच्या आधी अर्धा तास जाऊन पुन्हा टाका आणि उघडून पाहा.

यूट्यूबचा दुवा स्लाइडमध्ये ठेवू नका. बऱ्याच कॅम्पसवर ते स्थळ अडवलेलं असतं. व्हिडिओ एमपी-४ स्वरूपात फायलीतच घाला. ओव्हरलीफ, गुगल स्लाइड्स, कॅनव्हा यांवर काम केलं असेल तर निघण्यापूर्वी पीडीएफ उतरवून घ्या.

८. प्रोजेक्टर

स्वतःचा लॅपटॉप जोडताना विंडोज आणि पी ही बटणं दाबून 'डुप्लिकेट' निवडा. यूएसबी-सीचं प्रत्येक भोक चित्र बाहेर पाठवत नाही, तेव्हा ॲडॉप्टर घरीच टीव्हीला लावून पाहा. व्हीजीएमधून आवाज जात नाही. व्हिडिओ असेल तर आवाजाची वेगळी वायर मागा. जुने प्रोजेक्टर ४:३ आकाराचे, १०२४ बाय ७६८ चे असतात. १६:९ च्या स्लाइडवर तिथे वर-खाली काळे पट्टे येतात आणि अक्षरं लहान होतात. तळटीपा कुणालाच वाचता येत नाहीत.

आणि व्हॉट्सॲप वेब बंद करा. घरून आलेला 'येताना मटकी आणा' सगळ्या सभागृहाने वाचायची गरज नाही.

९. परक्या संगणकावर लॉगिन

शक्यतो करूच नका. पेनड्राइव्ह त्यासाठीच आहे. पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' स्वरूपात फॉरमॅट केलेला असावा म्हणजे मॅकवरही लिहिता येतो. तो परिषदेत फिरून आला की त्यात 'शॉर्टकट' व्हायरस घेऊन येतो असं समजा आणि घरी स्कॅन केल्याशिवाय उघडू नका. प्रबंधाची एकमेव प्रत त्यात ठेवणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

ईमेल उघडावाच लागला तर इन्कॉग्निटो खिडकीत. दुहेरी पडताळणी असेल तर फोनवर सूचना येते, आणि फोनला रेंज नसते. इथे ते बॅकअप कोड कामी येतात: गुगल ८ आकड्यांचे १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. काम झालं की लॉगआउट करा आणि 'डाउनलोड्स'मध्ये उतरलेली फाइल पुसा.

तिकीट किंवा प्रमाणपत्राची प्रिंट गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढाल. तिथल्या व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार तिथेच राहतं. पेनड्राइव्हवरून मास्क्ड प्रत द्या.

१०. जर्नल्स आणि अडवलेली दारं

यजमान कॅम्पसच्या नेटवर, एड्यूरोमवरसुद्धा, तुम्ही यजमानांच्या आयपी पत्त्यावर असता. तुमच्या ग्रंथालयाने घेतलेली आयपी-बद्ध (फक्त आपल्या संस्थेच्या पत्त्यांवरून उघडणारी) नियतकालिकं तिथून उघडत नाहीत. आपल्या संस्थेचं इन्फेडचं लॉगिन (ज्याने ती कॅम्पसबाहेरूनही उघडतात) निघण्यापूर्वी सुरू करून घ्या. ते इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या केंद्रामार्फत चालतं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या सामायिक वर्गणी योजनेमध्ये तुमची संस्था असेल तर कॅम्पसबाहेरून ती नियतकालिकं कशी उघडायची तेही ग्रंथपालांना विचारा.

गिटहबसाठी (प्रोग्रॅमचा कोड ठेवायचं स्थळ) एसएसएच जोडणी वापरणाऱ्यांना पोर्ट २२ बंद आढळू शकेल. पोर्ट ४४३ वरून ते चालतं.

११. देशाबाहेर जाताना, बाहेरून येताना

परदेशी जाताना बँकेचे ओटीपी भारतीय नंबरवर येतात. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करा आणि डेटासाठी तिथलं ई-सिम घ्या. चीनमध्ये जीमेल, गुगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप उघडत नाही: फायली पेनड्राइव्हवर ठेवा आणि संयोजकांना दुसरा ईमेल द्या. लॅपटॉपचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यावर छापलेलं असतं; तुम्हाला फक्त पिनांचा ॲडॉप्टर हवा. तुमचा एक्स्टेन्शन बोर्डही न्या, म्हणजे एकाच ॲडॉप्टरवर काम भागतं. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट असतात, तेव्हा त्या बोर्डावर इस्त्री किंवा किटली लावू नका.

लंडन-टोरंटोहून पुण्या-मुंबईच्या परिषदेला येणाऱ्यांची अडचण उलटी असते. बऱ्याच कॅम्पसचं लॉगिन पान भारतीय मोबाइल नंबरच स्वीकारतं. नातेवाइकांचा नंबर टाकून ओटीपी मागवू नका, कारण नोंद त्यांच्या नावे होते. संयोजकांकडून आधीच नाव-पासवर्डची चिठ्ठी तयार करून घ्या. भारतीय सिम घ्यायचं तर पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतात, आणि ते सुरू व्हायला वेळ लागू शकतो. परिषदेच्या सकाळी घेऊ नका.

१२. परत आल्यावर

हाताने भरलेली प्रॉक्सी काढा. ती राहिली की घरचं नेट 'बंद' पडतं आणि ब्रॉडबँडवाल्याला फुकट फेरी पडते. बंद केलेला 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' आणि व्हीपीएन पुन्हा चालू करा. यजमानांचं पाहुण्यांचं वाय-फाय यादीतून 'फरगेट' करा. एड्यूरोम मात्र राहू द्या. वापरलेले बॅकअप कोड खोडा आणि चारपेक्षा कमी उरले असतील तर नवे काढून घ्या.